कडेगावातली बोट

"बोटीला पॉलिश करायचं मशीन हाय का, मॅडम?"

मी वर बघितलं. उन्हानं रापलेला चेहरा, करायला घेऊन मध्येच कंटाळून सोडल्यासारखी दाढी, आणि शर्टाच्या खिशातून डोकावणारं उसाचं पाचट. पाचट कुणी खिशात ठेवत नाही. ते आपणहून आलं असणार. बाहेर गणपती पेठेत एप्रिलचं ऊन पडून होतं, दुकानातला पंखा गरम हवा या कोपऱ्यातून त्या कोपऱ्यात नेऊन ठेवत होता, आणि हा माणूस दारात असा उभा, जणू बाहेर बोट लावूनच आलाय.

"कसली बोट?"

"फायबरची."

"असते कुठं?"

"कडेगावात."

शेजारी ड्रिलचं बिट निवडणारे एक काका होते, ते बिट हातात धरून तसेच राहिले. सांगलीत कृष्णा आहे. इथं बोट म्हटलं की लोकांना महापूर आठवतो आणि ते गप्प होतात. पण कडेगावात? तिथं ऊस आहे, बोअर आहेत, कालव्याला आवर्तन सुटलं तर म्हैस डुंबेल एवढं पाणी आहे.

"पण तिथं पाणी कुठाय?"

"न्हाई की," तो म्हणाला. "म्हणून तर पॉलिश पायजे. पाण्यात असती तर खालची बाजू कुणाला दिसली असती?"

मी हसले नाही. मला आतून फार हसू आलं की माझा चेहरा पोस्टातल्या बाईसारखा होतो, ही माझी लहानपणापासूनची अडचण आहे. तो मात्र माझ्याकडं बघून एकदम ओशाळला आणि खिशातलं पाचट काढून परत खिशातच ठेवलं.

मी क्रांती. हे दुकान दादासो मामांचं. ग्राइंडर, ड्रिल, कटर, असला सगळा किंचाळणारा माल. कॉलेज संपल्यापासून मी इथं बसते. भिंतीला भोक पाडायचं असो की लाकूड कापायचं, आलेल्या माणसाला नेमकं काय लागणार ते मला त्याच्या आधी कळतं, अशी मामांनी माझी पेठेत ख्याती केलीय.

आणि तीन आठवड्यांनी माझं लग्न होतं.

त्याचं नाव साईराज. बोटीची हकीकत त्यानं काउंटरला टेकून सांगितली. कोयनानगरकडच्या एका बोटिंगवाल्यानं धंदा गुंडाळला, त्याच्याकडनं यानं बोट घेतली आणि ट्रॉलीत घालून घाट उतरून आणली. वाटेत प्रत्येक गावात लोक उठून उभे राहिले. एका म्हाताऱ्यानं तर ट्रॅक्टर आडवून विचारलं, 'धरण सोडलं का रं?' आणि उत्तर ऐकायला न थांबता धान्याची पोती माळ्यावर चढवायला घेतली.

"पण कशाला आणली?"

"वरातीला!" त्याचे डोळे चमकले. "घोडा झाला, बग्गी झाली, जेसीबीच्या बकेटात बसवून पण झाली मॅडम. बोट कुणाची न्हाई. ट्रॉलीवर पक्की बसवली, आत दोन खुर्च्या, भोवतीनं लायटिंग. पर फायबर पडलंय खडूवाणी पांढरं. हात लावला की भुकटी निघती. लाइट पडली तर चमकाय नको?"

"बुकिंग आहे का एखादं?"

"पयलंच हाय. शेजारच्या गावचं नानासो म्हणून हाईत, रिटायर मिलिटरी. पोरगं नेव्हीत. म्हणलं, वरात काढायची तर बोटीतनंच."

माझ्या हातात एका पॉलिशरची वायर होती. ती मी बोटाभोवती गुंडाळत गेले.

"मुलाचं नाव?"

"जयराज."

"आणि... मुलीचं?"

"सागरिका. नाव बघा की कसलं! त्या नावासाठी तरी बोट पायजेच."

सागरिका म्हणजे मी.

आमच्यात लग्नात नवरीचं नाव बदलतात. ताटात तांदूळ पसरतात आणि नवरा अंगठीनं त्यात नवं नाव लिहितो. नानासो काका मिलिटरीतले, त्यामुळं त्यांनी तांदळापर्यंत वाट बघितली नाही. सुपारी फुटली त्याच दिवशी त्यांनी नाव जाहीर केलं. मुलगा नेव्हीत, म्हणून सून सागरिका. मुलगा रेल्वेत असता तर मला काय म्हटलं असतं, याचा मी बरेच दिवस विचार केला.

नेव्हीत असला तरी जयराज लोणावळ्यात डोंगरावर असतो, काहीतरी ट्रेनिंगचं बघतो. रोज सकाळी मला गुलाबाचं फूल आणि एक सुविचार पाठवतो. तोच सुविचार आबांनाही येतो, फुलासकट. दारू नाही, तंबाखू नाही, आवाज चढवत नाही. मी त्याच्यात दोष शोधला, अगदी मन लावून शोधला. सापडला नाही. दोष असलेला माल परत तरी करता येतो.

आणि आबा. माझे वडील आणि नानासो काका एकाच पलटणीत होते. बर्फात कुठंतरी दोघं एका स्लीपिंग बॅगेत अडकून रात्रभर जागले, तेव्हा ठरलं, जगलो तर व्याही व्हायचं. माझा जन्मही झाला नव्हता. एरवी आबा वर्षातून एकदोनदाच हसतात, तेही बेंदराच्या सणाला बैल बघून. सुपारी फुटल्यापासून ते रोज हसत होते. भाजी निवडताना हसायचे. बातम्या बघताना हसायचे. बातम्या काय होत्या, याच्याशी संबंध नाही. त्या हसण्यापुढं उभं राहून 'नको' म्हणायचं... ते मला जमलं नव्हतं. रोज ठरवायचे, रोज गिळायचे.

तर आता साईराजला एवढंच सांगायचं होतं, 'सागरिका म्हणजे मी.' मी तोंड उघडलं.

"रोटरी पाहिजे की ड्युअल ॲक्शन?" मी म्हणाले.

"दोन्हीत फरक काय?"

"रोटरी एकाच जागी गरगर फिरतं. काम लवकर करतं, पण हात एका जागी थांबला की फायबर जाळतं. ड्युअल ॲक्शन फिरता फिरता डोलतं. वेळ लावतं, पण जपून वागतं."

"म्हंजे एक तापट आन् एक समजूतदार."

"असंच."

"तुमी कुठल्यातलं?"

मी त्याच्याकडं बघितलं. तो मशीनकडं बघत होता. कान मात्र लाल झाले होते.

"मशीन घाईत निवडायचं नसतं," मी म्हणाले. "बोटीचा एखादा तुकडा घेऊन या. त्याच्यावर चालवून बघू."

दुपारी मामांनी विचारलं, "त्या बोटवाल्याला का गं मोकळा पाठवला?" मी म्हटलं, "नमुना आणायला गेलाय." मामा म्हणाले, "बोटीचा नमुना?" आणि गल्ल्यातली चिल्लर परत मोजायला घेतली.

दोन दिवसांनी तो बोटीतल्या बाकाचं झाकण घेऊन आला. कडेगावहून सांगलीपर्यंत एसटीत मांडीवर घेऊन. कंडक्टरनं लगेजचं तिकीट फाडावं की नाही, यावर विट्यापर्यंत चर्चा झाली म्हणे.

झाकण पिवळंधमक होतं.

"हे काय?"

"आईनं हळद वाळत घातली हुती बोटीत," तो खाली बघत म्हणाला. "ती म्हणती, एवढी मोठी परात मोकळी कशाला ठेवायची."

मी बोटानं पुसून बघितलं. भुकटी आणि हळद दोन्ही बोटाला आली. तो हसला, अगदी सहज.

"लागली की मॅडम हळद तुमाला!"

मी हात मागं घेतला. साखरपुड्याची अंगठी तेव्हा काउंटरच्या खणात होती. फिरत्या मशीनजवळ अंगठी घालायची नाही, हा दुकानाचा नियम. नियम चांगलाच आहे. मी तो त्या दिवसांत फार काटेकोर पाळत होते... मशीन बंद असतानासुद्धा.

दुकानाच्या मागच्या बोळात आम्ही झाकणावर मशीन चालवलं. आधी रोटरी, लोकरी पॅड आणि कंपाउंडची पेस्ट. मी त्याला धरायला शिकवलं. पॅड सपाट टेकवायचं, दाबायचं नाही, थांबायचं नाही. मशीन त्याच्या हातातून सुटून कंपाउंडचे शिंतोडे त्याच्या दाढीवर, माझ्या ओढणीवर आणि बोळातल्या एका मांजरावर उडाले. मांजर निघून गेलं. मी हँडलवर हात ठेवला. त्याच्या हातावरच ठेवावा लागला, दुसरी जागा नव्हती. मशीन थरथरत होतं. निदान मी तरी तसंच म्हणत होते.

"थांबायचं न्हाई?" मशीनच्या आवाजात त्यानं ओरडून विचारलं.

"नाही! थांबलं की डाग पडतो!"

"आन् गेला न्हाई तर?"

"जात नाहीच!"

मग मी त्या मशीनला नावं ठेवली, वजन जास्त आहे. बोटीची बाजू उभी, हात वर धरून दिवसभर घासायचं, खांदे भरून येतील. दुसऱ्या वेळी दुसरं मशीन काढलं. त्याचा वेग कमी-जास्त होत नाही म्हटलं. तिसऱ्याची वायर आखूड. चौथं बॅटरीचं, ते अर्ध्या बोटीत मान टाकेल. पाचवं चांगलं होतं. त्याचा रंग आवडत नाही, असं मी म्हणाले.

"रंग मला आवडायचा का तुमाला?" त्यानं विचारलं.

"विकणाऱ्याचं मन लागायला नको?"

मामा गल्ल्यावरून बघत होते. "क्रांते," ते नंतर म्हणाले, "तू माल विकायला बसलीयस का झाकायला?"

खरं तर त्याला काय लागणार ते मला पहिल्याच दिवशी माहीत होतं. वेग बदलता येणारं, हलकं ड्युअल ॲक्शन. नवशिक्याच्या हातात देता येतं, थांबलं तरी जाळत नाही. मागच्या फळीवर खोक्यात होतं. पण ते दिलं की तो जाणार. तो गेला की बोट चमकणार. बोट चमकली की मी तिच्यात बसणार, जयराजशेजारी, सागरिका होऊन, आणि हा पुढं ट्रॅक्टर चालवणार, पाठ माझ्याकडं करून. ते खोकं फळीवर होतं तोवर मी क्रांती होते.

लग्न आठ दिवसांवर आलं, तसा तो काउंटरपाशी येऊन नुसताच उभा राहिला.

"मॅडम, आता द्या काय बी. नानासो रोज बघाय येतंत. अजून पांढरीच हाय."

मी स्टूल घेतलं, वर चढले आणि खोकं खाली काढलं. त्याच्यावर धूळ बसली होती. पुसायच्या निमित्तानं मला थोडा वेळ पाठमोरं उभं राहता आलं.

"आधी लोकरी पॅडनं कंपाउंड. मग फोमनं वॅक्स. पातळ लावा. उन्हात नका लावू."

"एवढं झ्याक मशीन हुतं की दुकानातच!"

"होतं."

त्यानं खोकं काखेत घेतलं. निघाला. परत आला.

"मग आता... काम न्हाई इकडं."

"कंपाउंड संपलं तर या."

"किती दिवस पुरतं?"

"बरेच दिवस," मी म्हणाले. असलं खरं बोलायची काही गरज नव्हती.

पुढचे दिवस मी कसे काढले ते सांगण्यासारखं नाही. शालू आला, बांगड्या भरल्या. पेठेत कडेगावची एसटी वळली की मी बाहेर बघायचे. आबा हसत होते. एका गिऱ्हाइकाला मी ग्राइंडरऐवजी हातोडा दिला, आणि तोही घेऊन गेला.

मग लग्नाच्या चार दिवस आधी त्याचा फोन आला. दुकानाच्या नंबरवर.

"मॅडम, तुमचं वॅक्स लय भारी. पर नावंच टिकनात."

नानासो काकांनी रेडियमची अक्षरं करून दिली होती, जयराज आणि सागरिका, मध्ये बदाम. बोटीच्या दोन्ही बाजूंना लावायची. अक्षरं आधी लावायची असतात, वॅक्स नंतर. मेणावर काही चिकटत नाही. हे मी त्याला सांगायला हवं होतं. सांगताना ते नाव उच्चारावं लागलं असतं, म्हणून राहिलं.

विट्याच्या मैत्रिणीला पत्रिका द्यायचीय, असं सांगून मी एसटीत बसले. विटा आलं, गेलं. मी कडेगावला उतरले.

बोट त्याच्या घरामागं, कापून झालेल्या उसाच्या रानात ट्रॉलीवर उभी होती. आणि... काय सांगू. एवढी चमकत होती की एक कोंबडी तिच्यात स्वतःला बघून भांडत होती. मी जवळ गेले. त्या फायबरमध्ये मला आभाळ दिसलं, मी दिसले, माझ्यामागं तो दिसला. दोन्ही हातांना फोड आले होते, ते तो मागं लपवत होता.

"जयराज बसला," तो म्हणाला. "तिथं माझं वॅक्स लावायचं राहिलं असणार. पर ही सागरिका... चिकटवली की सटकती. तुमीच बघा. बाईमाणसाचं बाईमाणूस ऐकंल."

मी 'सा' घेतला. दाबून बसवला. तो सावकाश खाली सरकला. 'ग' पण. आभाळ कधी भरून आलं ते आमच्या लक्षात आलं नाही. वारं सुटलं, रानातलं पाचट उडालं आणि वळवाचे थेंब आले, टपोरे, वाटाण्याएवढे. बोटीवर ते थांबतच नव्हते, मोती होऊन घरंगळत होते. त्यांच्याबरोबर माझं नवं नाव एकेक अक्षर करून चिखलात गेलं.

"खाली या, खाली!" त्यानं माझा हात धरून मला ट्रॉलीखाली ओढलं.

आम्ही उकिडवे बसलो. चारी बाजूंनी पाण्याच्या धारा. मातीचा वास. डोक्यावर बोट.

"एक सांगू का?" तो म्हणाला. "रोज घासताना वाटायचं, एकदा तुमाला आणून दाखवायची. नवरा-नवरीचं जाऊ द्या. क्रांती मॅडमनी बघायला पायजे... बघितली. झालं."

"ती कोण सागरिका हाय, लय नशिबाची," तो म्हणाला.

"मी आहे."

"काय?"

"सागरिका मी आहे. माझंच नाव बदललंय. लग्न माझं आहे."

पाऊस एवढा जोरात होता की त्याला ऐकू आलं नसावं, असं मला क्षणभर वाटलं. वाटलं म्हणजे... आशा होती. पण त्यानं ऐकलं होतं. तो आपल्या फोडांकडं बघत राहिला.

"पयल्या दिवशी का न्हाई सांगितलं?"

"तुम्ही परत आला नसता."

"मग?"

"मग काय. तुम्ही परत आला नसता."

तो म्हणाला, "तुमाला बसायचंय का ह्यात?"

"बोटीत बसायचंय. त्याच्याशेजारी नाही."

"मग घरात सांगा की."

"आबा हसतायत," मी म्हणाले, आणि मला रडू फुटलं. बर्फ, स्लीपिंग बॅग, बैल, बातम्या, सगळं मी रडत रडत सांगितलं. जगातलं इतकं हास्यास्पद दुःख दुसऱ्या कुणाला असेल असं वाटत नाही.

त्यानं ऐकून घेतलं. मग उठला. ट्रॉलीखाली डोकं आपटलं. घरातून थिनरचा डबा आणि फडकं घेऊन आला आणि पाऊस ओसरत होता तसा बोटीच्या बाजूला उभा राहून चोळायला लागला.

"काय करताय?"

"वॅक्स काढतोय. तेवढी जागा कोरडी केली की नाव बसतंय." तो माझ्याकडं बघत नव्हता. "वडील हसत्यात म्हणताय. हसू द्या. नाव पक्कं लावून देतो. पडायचं न्हाई आता."

फडकं फिरत होतं, आणि जिथं ते फिरत होतं तिथली चमक जात होती. आधी आभाळ गेलं. मग त्याचा चेहरा गेला. पांढरट, आंधळा पट्टा राहिला, नेमका माझ्या नावाएवढा. फोड फुटून त्याच्या हाताला थिनर झोंबत असणार, तो दात खाऊन चोळत होता.

मी फोन काढला.

"बोल गं," आबा म्हणाले. आवाजातच हसू. "दिली का पत्रिका?"

"आबा, मला हे लग्न नको."

त्यांनी विचारलं, "पाऊस हाय व्हय तिकडं?"

"हाय."

"आवाज येतोय... नानासोला मी काय सांगू, क्रांते?"

"मला माहीत नाही, आबा."

ते रागावले असते तर बरं झालं असतं. त्यांचं हसू गेलेलं मला फोनमधून ऐकू आलं. हलकासा आवाज होतो त्याचा, दिवा विझल्यासारखा.

"घरी ये," ते म्हणाले. "भिजू नको."

साईराजचं फडकं थांबलं होतं.

मोटारसायकल त्याचा भाऊ घेऊन गेला होता आणि ट्रॅक्टर बोटीला जोडलेला. ट्रॉलीची पीन निघेना, गंजली होती. ट्रॅक्टरवर दुसरी सीट नाही. त्यामुळं स्टँडपर्यंत जायचं तर एकच जागा होती. मी बोटीत चढले. आत पावसाचं घोट्याएवढं पाणी साठलं होतं. बाहेर जमीन, आत पाणी. कडेगावची बोट म्हटल्यावर असंच असणार.

गावातून निघालो, तसे लोक दारात आले. कुणीतरी शिट्टी वाजवली. एक जण पानपट्टीपुढं नुसत्या सवयीनं नाचायला लागला. गाणं नव्हतं, तरी त्याचं काही अडलं नाही. चौकात एक म्हातारी ट्रॅक्टरपुढं येऊन उभी राहिली. शालूबाई, साईराजची चुलती.

"आरं थांब की रं! चार दिस आधीच वरात काढलीस व्हय?"

"आवं काकी, वरात न्हाई ही. सरका."

शालूबाई सरकल्या नाहीत. त्यांनी कमरेवर हात ठेवून मला वरपासून खालपर्यंत बघितलं. ओले केस, रडून सुजलेले डोळे, हातातल्या हिरव्या बांगड्या.

"नवरीच हाय की ही. आन् नवरा कुठं हाय गं बाई तुझा?"

सगळा चौक बघत होता. पावसाचं पाणी पन्हाळीतून गळत होतं. आतापर्यंत माझ्या मनातलं एकही वाक्य वेळेवर तोंडाबाहेर पडलं नव्हतं.

"तो काय पुढं," मी म्हणाले. "ट्रॅक्टर चालवतोय."

ट्रॅक्टर बंद पडला.

साईराजनं मागं वळून बघितलं नाही. त्यानं चावी फिरवली, परत फिरवली, तिसऱ्यांदा फिरवली. मानेपर्यंत लाल झाला होता. शालूबाईंनी एकदा त्याच्याकडं, एकदा माझ्याकडं बघितलं, तोंडाला पदर लावला आणि बाजूला झाल्या.

स्टँड आलं. सांगलीची एसटी लागली होती, दार उघडं होतं. तो थांबलाच नाही.

"अहो! स्टँड गेलं!"

"दिसलं की!" तो पुढं बघूनच ओरडला. "तुमी एकट्या जाऊन काय सांगणार हाय आबास्नी? दोघं बसू त्यांच्याम्होरं. शिव्या दिल्या तर निम्म्या निम्म्या."

"ते शिव्या देणार नाहीत," मी म्हणाले. "गप्प बसतील."

"मग आपुन बी गप बसू. कितीबी येळ."

बोट विट्याच्या रस्त्याला लागली. आबा दारात उभे असतील, की आत भिंतीकडं तोंड करून बसले असतील, मला माहीत नव्हतं. नानासो काका, जयराज, वाटलेल्या पत्रिका, सगळं पुढं होतं, आणि आम्ही बैलगाडीच्या चालीनं तिकडंच निघालो होतो. खड्डा आला. आतलं पाणी एका बाजूचं दुसऱ्या बाजूला गेलं. मी दोन्ही हातांनी बोटीची कड पकडायला गेले. त्यानं ती इतकी गुळगुळीत केली होती की धरायला काही सापडेना.